एकाच पैशात तीन गाड्या आणि जोतिबाचा चढ

मे २०२३ मधली गोष्ट. माहेरहून कोल्हापूरला परत निघालो, साखरपा मागं पडलं आणि आंबा घाट सुरू झाला. गाडी आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक. आत पाच माणसं, डिकीत हापूसच्या दोन पेट्या, नारळ आणि आईनं दिलेलं तांदळाचं पोतं. एसी घाटाच्या पायथ्यालाच बंद केला होता. एका वळणावर पुढचा ट्रक थांबला, त्याच्यामागं आम्ही थांबलो. ट्रक हलला तेव्हा मी क्लच सोडला, गाडी हातभर मागं घसरली आणि क्लच जळाल्याचा वास आत आला. आत्यांनी (आमच्याकडं सासूबाईंना आत्या म्हणतात) समोरची सीट दोन्ही हातांनी धरली. बोलल्या काहीच नाहीत. माथ्यावर पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या."

माझ्या माहेरी जायला आत्यांनी नको म्हणावं आणि त्याचं कारण गाडी असावी, हे मला सोसलं नाही. त्या रात्रीच नवऱ्याला सांगितलं, गाडी बदलायची.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. त्यामुळे गाडीची कोटेशन रोज बघते. लोक बजेट ठरवून येतात आणि दीड-दोन लाख वर जाऊन परततात, हेही रोज बघते. आपलं तसं होऊ द्यायचं नाही म्हणून आधी वहीत चारच गोष्टी लिहिल्या. आत्यांच्या गुडघ्यांना चढ-उतार सोपी हवी. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट एसी लावून चढायला हवा. नवऱ्याचं रोजचं कागल एमआयडीसीचं जाणं-येणं, म्हणजे हायवेवरचे चाळीसेक किलोमीटर, परवडायला हवं. आणि ऑन-रोड एकवीस लाखांच्या पुढं एक रुपया नाही.

चार मीटरच्या आतल्या दोन गाड्या बघितल्या. चांगल्या होत्या, पण मागं तिघं बसल्यावर मधल्याचे खांदे पुढं येत. एक हायब्रिड बघितली, अॅव्हरेज ऐकून नवरा हरखलाच. पण डिकी उघडली तर बॅटरीनं अर्धी जागा खाल्लेली. आमचं सामान तिथं मावणार नव्हतं. शेवटी आत्याच ह्युंदाईच्या क्रेटात बसून बघताना म्हणाल्या, "ही बरी आहे." सीट त्यांच्या कंबरेच्या बरोबर उंचीला होती. त्या आधी आडव्या टेकल्या, मग उजवा पाय हातानं उचलून आत घेतला, मग डावा. खाली वाकावं लागलं नाही की वर चढावं लागलं नाही. माझ्या दृष्टीनं गाडी तिथं ठरली.

पण क्रेटा ठरली म्हणजे काहीच ठरलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये नवी क्रेटा आली ती तीन इंजिनं, चार गिअरबॉक्स आणि सात ट्रिम, म्हणजे कमी-जास्त सोयींचे सात प्रकार, घेऊन. ई, ईएक्स, एस, एस-ओ, एसएक्स, एसएक्स टेक, एसएक्स-ओ. किमती ११ लाखांपासून २० लाखांपर्यंत. तिन्ही इंजिनं १५०० सीसीच्या आत बसवलेली: साधं पेट्रोल १४९७, टर्बो पेट्रोल १४८२, डिझेल १४९३. हा योगायोग नाही. चार मीटरपेक्षा लांब गाडी १५०० सीसीच्या आत राहिली तर तेव्हा २८ टक्के जीएसटीवर १७ टक्के सेस लागायचा, रेघ ओलांडली आणि गाडी एसयूव्हीच्या व्याख्येत बसली की २२ टक्के. (सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि या गाड्यांवर सरळ ४० टक्के जीएसटी आला. त्यामुळे माझे आकडे आज जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.)

पहिला आठवडा मी चुकीच्या वाटेनं गेले. एक ट्रिम धरायचं आणि त्यातली इंजिनं शेजारी मांडायची, असं करत होते. एस-ओ धरलं तर पेट्रोल मॅन्युअल १४ लाख ३२ हजार, डिझेल मॅन्युअल १५ लाख ८२ हजार, दोन्ही एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-विम्याच्या आधीची किंमत. फरक दीड लाखाचा. त्यात आपल्या महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आणि डिझेलला १४ टक्के. म्हणजे आरटीओच्या दारातून बाहेर पडेपर्यंत दीडाचे दोन लाख झालेले. पेट्रोल तेव्हा १०४ च्या आसपास, डिझेल ९१ च्या आसपास. पेट्रोलचं अॅव्हरेज १३ आणि डिझेलचं १७ धरलं तर किलोमीटरमागं अडीच-पावणेतीन रुपये वाचतात. दोन लाख वसूल व्हायला ७५ हजार किलोमीटर, आमच्या चालण्यानं पाच वर्षं. या हिशेबानं डिझेल घ्यावं असं काही दिसेना. जो भेटेल तो हेच सांगत होता, "आता डिझेलचे दिवस गेले."

मग एका रात्री किंमतपत्रक ट्रिमप्रमाणे न वाचता किमतीप्रमाणे वाचलं. साडेसतरा लाखांच्या खाली पेन्सिलनं रेघ मारली आणि तिच्या लगतच्या गाड्या बघितल्या. आमच्या कामाच्या तीन निघाल्या. एसएक्स टेक पेट्रोल ऑटोमॅटिक, १७ लाख ४५ हजार. एसएक्स टेक डिझेल मॅन्युअल, तीही १७ लाख ४५ हजार. आणि एस-ओ डिझेल ऑटोमॅटिक, १७ लाख ३२ हजार. तिन्हींत मिळून फरक तेरा हजारांचा.

मला हे दिसलं तेव्हा वही मिटून नवऱ्याला झोपेतून उठवलं. आपण इतके दिवस डिझेलसाठी जादा पैसे कुठून आणायचे हे विचारत होतो. ते पैसे वरच्या ट्रिममध्येच होते! दोन मोठे स्क्रीन, बोसचे स्पीकर आणि एडास (चालवणाऱ्याला ब्रेक-स्टिअरिंगला मदत करणारी यंत्रणा) सोडलं की त्याच पैशात डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन्ही मिळत होतं. मग जादा पडतो तो फक्त रोड टॅक्समधला साधारण ३३ हजारांचा फरक, आणि तो पहिल्या वर्षभरातच डिझेलमधून निघतो.

सोडायचं काय, हे मात्र नीट बघितलं. सुरक्षेत हात आखडता घ्यायचा नव्हता. या गाडीत सहा एअरबॅग, घसरणारी गाडी सावरणारं ईएससी, चढावर गाडी मागं घसरू न देणारं हिल असिस्ट, चारही चाकांना डिस्क ब्रेक, सगळ्यांना तीन टोकी पट्टे हे अगदी खालच्या ई ट्रिमपासून आहे. हे वाचून जीव भांड्यात पडला. वरच्या ट्रिममध्ये सुरक्षेचं म्हणून जे जादा मिळतं ते प्रामुख्यानं एडास, आणि ते एसएक्स टेक आणि एसएक्स-ओ या दोनच ट्रिममध्ये होतं. पुढं गाडी आडवी आली तर आपणहून ब्रेक लावणारी सोय मला मनापासून हवी होती, खोटं कशाला बोलू. पण नवऱ्याचा रस्ता म्हणजे सातारा-कागल पट्टा, तेव्हा सहा पदरीकरणाचं काम चालू. जागोजागी डायव्हर्जन, जुने पट्टे अर्धे खरवडलेले, नवे मारलेले नाहीत. लेन ओळखून स्टिअरिंग सांभाळणाऱ्या यंत्रणेला तिथं धरायला रेघच नव्हती. रोजच्या रस्त्यावर जे अर्धंच चालेल त्यासाठी चढावरची ओढ सोडायची नाही, असं ठरवलं.

ओढीचं तोवर कागदावरच वाचलं होतं. साध्या पेट्रोलची ताकद ११५ पीएस आणि डिझेलची ११६, म्हणजे जवळपास सारखी. सेल्समन हेच दोन आकडे दाखवून "मॅडम, सेमच आहे" म्हणतात. पण खालची ओळ वाचायची असते. पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे ओढ, १४४ न्यूटन-मीटर आणि तो ४५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेईल तेव्हा. डिझेलचा २५०, आणि तो १५०० ते २७५० च्या दरम्यान सलग. टर्बोचा २५३, १५०० ते ३५०० पर्यंत. घाटात आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजाराच्या आसपास असतो. तिथं इंजिनात किती दम आहे हे महत्त्वाचं. ४५०० ला काय आहे ते तिथवर इंजिन किंचाळत नेल्यावर कळणार.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे तावडे हॉटेलपासून शिरोलीपर्यंत सरळ हायवे, वळून परत. एसी फुल, आत दोन माणसं. अशा रस्त्यावर कुठलीही नवी गाडी चांगलीच वाटते. मी म्हटलं, जोतिबाच्या डोंगरावर जायचं. आधी नाही म्हणाले. मग म्हटलं, बुकिंगचा चेक पर्समध्ये आहे, पण गाडी चढावर बघितल्याशिवाय तो बाहेर निघणार नाही. तयार झाले. रविवारी जोतिबाला गर्दी, म्हणून मंगळवारी रजा टाकली. घरातली पाचही माणसं घेतली आणि जाताना वाटेत किराणा दुकानातून २५ किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या उचलून डिकीत ठेवल्या. तांदूळ घरात लागणारच होता. बरोबर आलेल्या सेल्समन पोरानं गोण्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग स्वतःच दुसरी गोणी उचलायला हात लावला. त्याला जागा करायला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खालीच चहाच्या टपरीवर थांबायचं कबूल केलं.

पहिली गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक. कंपनी त्याला आयव्हीटी म्हणते, गिअर नसतात, साखळी पुलीवर वर-खाली सरकते. शहरातून जाताना इतकी मऊ गाडी मी चालवली नव्हती. आत्या म्हणाल्या, झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतंय. चढ लागला आणि पाय दाबला तसा इंजिनाचा आवाज आधी वर गेला, गाडी मागून आली. आवाज चार हजारावर जाऊन तिथंच थांबतो आणि वेग सावकाश त्याच्यापर्यंत पोचतो. चढली ती, अडली कुठंच नाही. पण पुढच्या एसटीला ओलांडायला जागा मिळाली तेव्हा मी पाय दाबला, थांबले, आणि पाय परत काढून घेतला.

बँकेतल्या एका सहकाऱ्याकडं साधं पेट्रोल मॅन्युअल होतं, ते पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर नेलं. मॅन्युअलमध्ये निदान हुकूम आपल्या हातात असतो. पण तिसऱ्यात दम सुटायचा आणि दुसऱ्यात ओरडायची, अशी दोन्हींच्या मधली जागा त्या चढावर सतत येत होती. एकटा माणूस शहरात फिरवणार असेल तर हे इंजिन उत्तम. शांत आहे, सरळ आहे, दुरुस्तीला सोपं आहे. आमच्या पाच माणसांना आणि गोण्यांना ते पुरत नव्हतं.

टर्बो मी बघितली ती नवऱ्याच्या हट्टानं. १६० पीएस. जानेवारीच्या किंमतपत्रकात ती फक्त सगळ्यात वरच्या एसएक्स-ओ ट्रिममध्ये आणि फक्त डीसीटी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर होती, २० लाख एक्स-शोरूम. आमच्या रेघेच्या कितीतरी वर. तरी चालवली. वळणातून बाहेर पडताना जरा पाय दिला तर सगळ्यांच्या पाठी सीटला टेकल्या. मुलगा आनंदानं ओरडला, आत्यांनी वरचं हँडल धरलं. "जरा दमानं," एवढंच म्हणाल्या. इंजिन खरोखर सुंदर आहे. पण त्याचा गिअरबॉक्स सुक्या क्लचचा. चढावर ट्रकच्या मागं इंचाइंचानं सरकायचं झालं की तो क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. मला आंबा घाटातला तो वास आठवला.

मग डिझेल ऑटोमॅटिक. सुरू केल्यावर बाहेर उभं राहिलं तर खडखड ऐकू येते, आत काचा वर केल्या की स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर तेवढी जाणवते. चढाच्या सुरुवातीला मी नेहमीच्या सवयीनं पाय दाबून धरला आणि मग लक्षात आलं की तेवढी गरजच नाही. काटा दोन हजाराच्या खाली, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि वेग वाढतच होता. वळणावर मुद्दाम पूर्ण थांबवली. मागं पाच सेकंद बघितलं. ब्रेकवरचा पाय काढला, गाडी तिथल्या तिथं उभी. पाय दिला, निघाली. ना वास, ना झटका. एसी चालूच होता. आत्यांनी काहीच धरलं नव्हतं, दोन्ही हात मांडीवर होते. मी आरशात तेवढंच बघत होते.

उतरतानाही बघून घेतलं. ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं, हे मला गाडी शिकवताना वडिलांनी शिकवलं. गिअर लिव्हर मॅन्युअलमध्ये घेतला, तिसरा, मग दुसरा. इंजिन गाडी धरून ठेवत होतं, ब्रेकला अधूनमधून नुसतं शिवायचं.

एस-ओ डिझेल मॅन्युअल दीड लाखानं स्वस्त होती, तिचाही विचार केला. पण रोज उजळाईवाडीपासून तावडे हॉटेलपर्यंतच्या गर्दीत क्लच दाबून नवऱ्याचा डावा पाय दुखतो, तो वर्षभर आम्ही तेलानं चोळतोय. दीड लाख तिथं द्यायचे ठरवले.

डिझेलच्या विरोधातल्या दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, दहा वर्षांनी गाडी भंगारात जाईल ही भीती. तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरचा. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी आणि हरित कर भरून पुढं वाढवता येते. दुसरी गोष्ट खरी आहे आणि ती नीट समजून घ्यावी. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमातल्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून काही वेळ सलग वेगात पळावी लागते. माझी बँक घरापासून तीन किलोमीटर. मी रोज हीच गाडी नेली असती तर जाळी तुंबून दिवा लागला असता. आमच्या ओळखीत एकाचा लागला, गाडी दुसऱ्या कंपनीची, दोनदा वर्कशॉपला गेली. आमची गाडी रोज हायवेला जाते म्हणून डिझेल चाललं. कुणाचं सगळं फिरणं गावातल्या गावात असेल तर मी स्वतः त्यांना डिझेल घेऊ देणार नाही.

पुढचं थोडक्यात. कोटेशनमध्ये हँडलिंगच्या नावाखाली काही हजार आणि अॅक्सेसरीजचं एक पॅकेज आपोआप आलं होतं. दोन्ही खोडायला लावलं. विमा शोरूमचाच घ्यावा लागेल असं सांगण्यात आलं. तसं कुठंही बंधन नाही, बाहेरून तोच झिरो डेप (झीज न कापता भरपाई देणारा) विमा १८ हजारांनी कमी पडला. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो खर्चात धरू नये, रिटर्नमध्ये परत मिळतो. यार्डात जाऊन चासी नंबर आणि टायरवरचे चार आकडे बघितले, आठवडा आणि वर्ष. टायर फेब्रुवारीतले होते. गाडी अक्षय्य तृतीयेला दारात आली.

दीड वर्षात २३ हजार किलोमीटर झाले. टाकी फुल करून वहीत लिहिते, अॅव्हरेज सोळा-सव्वासोळा पडतं. चारी बाजूंनी दिसणारा कॅमेरा असता तर बरं झालं असतं असं आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात गाडी घालताना दर वेळी वाटतं. मोठ्या स्क्रीनची आठवण एकदाही आली नाही.

गाडी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माहेरी गेलो. आत्या आल्या. परतताना डिकीत तीन पेट्या, नारळ, कोकमाची बरणी आणि तांदळाचं पोतं. साखरपा सोडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, एसी दोनवर. त्याच वळणाच्या आसपास एक ट्रक थांबलेला. थांबले, निघाले. आरशात बघितलं तर आत्यांची मान एका बाजूला कललेली, झोप लागली होती. माथ्यावर चहाला गाडी बाजूला घेतली तेव्हा दाराच्या आवाजानं जाग आली. बाहेर बघत म्हणाल्या, "का थांबलीस? घाट लागला का?"